खोललेलं बांधून देतो

इंजिन खोलणं सोपं असतं. चार पाने-पकडी आणि एक मोकळी दुपार मिळाली की कोणीही ते खोलू शकतो. बांधणं अवघड. माझा धंदा या दोन क्रियापदांच्या मधे बसलेला आहे. लोक मोबाइलवर व्हिडिओ पाहून हौसेनं इंजिन खोलतात, सुटे भाग जुन्या चादरीवर मांडतात, फोटो काढतात, आणि मग त्यांच्या लक्षात येतं की व्हिडिओ संपला आहे आणि चादर अजून भरलेलीच आहे. तेव्हा मला फोन येतो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्यात इंजिन जोडत नाहीत, बांधतात. क्रँक, पिस्टन, हेड, वॉल्व्ह असे शेकडो तुकडे आपापल्या जागी, आपापल्या क्रमानं, ठरलेल्या ताणानं आवळत आणले की इंजिन बांधलं गेलं. 'बांधणे' हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा बोलतो. त्याचा दुसरा अर्थ मला माहीत होता. पण माझ्या तोंडून निघताना तो दुसऱ्याच्या कानात कसा पोचतो, याचा विचार मी केला नव्हता.

कारंजा (घाडगे)ला हायवेवरच्या ट्रक गॅरेजमध्ये मी काम शिकलो. शिकलो म्हणजे चोरलं. हेडचे नट आवळायची वेळ आली की आमचा उस्ताद आमच्याकडे पाठ करायचा. किती आवळायचं, कोणता आधी, कोणता नंतर, ते त्याच्या पाठीमागं घडायचं. विद्या लपवणारा मिस्त्री आणि मंत्र लपवणारा बुवा यांच्यात मला आजही फरक दिसत नाही. दोघांचाही धंदा तुमच्या अडाणीपणावर चालतो.

हा राग घरचा आहे. माझे बाबा आर्वीच्या एका छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. दिवसा लग्नपत्रिका जुळवायचे आणि मालकाला विचारून उरल्यासुरल्या कागदावर पत्रकं छापायचे. भूत नाही, भानामती नाही, अंगात येतं तो आजार आहे, दवाखान्यात न्या. आठवडी बाजारात ती पत्रकं मी वाटली आहेत. शाळेत माझी पोळी पत्रकात गुंडाळलेली असायची. शाईचा वास आला की मला अजून भूक लागते.

तेव्हा स्वतःचं काम सुरू केल्यावर मी पाटी लावायच्या आधी पत्रक काढलं, यात नवल नाही. त्यावर लिहिलं होतं: 'खोललेलं बांधून देतो. माझ्या नव्हे, तुमच्याच हातानं. अर्धवट सोडत नाही. मिस्त्रीला घाबरू नका.' मी पाना हातात घेत नाही. शेजारी उभा राहून सांगतो, मालक आवळतो. सावंगीच्या एका होतकरू डॉक्टरानं अशी स्वतःची बुलेट बांधली, आणि शेवटी चार वायसर उरले तेव्हा मला गंभीरपणे विचारलं, "यांना अपेंडिक्स समजायचं का?" नाही, म्हटलं, पुन्हा खोला. त्यानं खोललं. असे लोक मला आवडतात.

करुणाताईंचा फोन एप्रिलमध्ये आला.

"भाऊ, तुमचं पत्रक मले आर्वीच्या स्टँडवर भज्याच्या पुडीवर भेटलं. नंबरावर तेल सांडलं होतं. तिसऱ्यांदा बरोबर लागला."

"कोणती गाडी आहे?"

"दोन सीटची. वर टप नाई. जुनी हाये, रेसच्या गाडीसारखी. गावात तिले लोक बिनटोपीची म्हणतात."

"आणि इंजिन?"

"डब्यायत हाये," त्या म्हणाल्या.

आर्वीपासून आठ-दहा किलोमीटरवरचं गाव. घरामागं टिनाची शेड, आणि शेडमध्ये सागाच्या चार ओंडक्यांवर ती गाडी, चाकं काढलेली. लांब नाक, बसकी पाठ, लाल रंग. तिची परदेशी कंपनी आमच्या जन्माआधीच बंद पडली असावी. एका जिनिंगच्या गोदामात सरकीच्या पोत्यांखाली ती कितीतरी वर्षं पडून होती. करुणाताईंच्या नवऱ्यानं, धनराजनं, ती तिथून ओढून आणली.

धनराज पेंटर होता. आर्वीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या आणि हायवेवरच्या कित्येक ट्रकांच्या नंबरप्लेटी त्याच्या हातच्या. फ्लेक्स आले आणि ब्रश रिकामा झाला. रिकाम्या हातांनी त्यानं हे इंजिन खोललं, तुकडा न् तुकडा रॉकेलनं धुतला, डब्यांत भरला. मग मार्गशीर्षात ताप आला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. छत्तिसाव्या वर्षी.

डब्यांवर आणि भिंतीवर त्याची अक्षरं होती. खडूची नव्हेत, ऑइलपेंटची. वेलांट्या अशा की पाहत राहावं. 'हे आधी.' 'तेल लाव, मग बसव.' 'मधून बाहेर. एकदम नको, तीन फेऱ्यांत.' 'घाबरू नको.' जुळाऱ्याच्या पोराला अक्षराची किंमत कळते. मी म्हटलं, "ताई, तुमच्याकडं शिकवणारा आधीच आहे. मी नुसता उभा राहतो."

तेवढ्यात दारात त्यांच्या सासूबाई आल्या. गाव त्यांना कमलामाय म्हणतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तूच का तो बांधणारा?"

"हो, माय."

"पोरसवदा हायेस. बांधता येते ना पक्कं?"

"पक्कं. उघडं सोडत नाही मी."

"आन परत सुटनार नाई?"

"माझ्या देखरेखीखाली बांधलेलं आजवर सुटलेलं नाही," मी ऐटीत सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात सूप होतं. सुपात नारळ, पाच लिंबं, आणि घडी केलेलं लाल फडकं. "याच्याशिवाय आनखी काई लागत असन तर सांगजो," त्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पाच मिनिटं उभं राहून एका म्हातारीला तिच्या मेलेल्या मुलाचं भूत बांधून द्यायचं वचन दिलं होतं.

मी संतापलो. पाने पिशवीत भरू लागलो. करुणाताई शेडच्या दारात आडव्या झाल्या.

"भाऊ, तुमच्या कागदावर लिवलं हाये, अर्धवट सोडत नाई."

"ते इंजिनाबद्दल आहे."

"मग मी कशाबद्दल बोलून राह्यली?" त्या म्हणाल्या. मग सगळं सांगितलं. अक्षय तृतीयेला आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. धनराज गेल्यावरची ही पहिलीच अक्षय तृतीया. कमलामायचं म्हणणं, त्यानं स्वतःच्या हातानं खोललेली वस्तू उघडी पडली आहे, त्याचा जीव तिच्यात अडकला आहे, अडकलेल्याची घागर भरता येत नाही. त्या दिवसाच्या दुपारपर्यंत इंजिन बांधलं गेलं नाही, तर भंगारवाला येऊन गाडी आणि डबे सगळंच नेणार. त्याला सांगूनही झालं होतं. "माह्यं म्हननं एवढंच हाये," करुणाताई म्हणाल्या, "ते एकदा सुरू व्हावं. त्यानं दोन वर्षं वाट पाह्यली त्या आवाजाची. मले तो आयकाचा हाये. मग न्या भंगारात."

तीन आठवडे होते. मी पिशवी खाली ठेवली. पण जाता जाता कमलामायच्या हातात बाबांचं एक जुनं पत्रक दिलं, 'भूत असते का?' त्यांनी ओट्यावर बसून ते पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं. घडी करून परत दिलं.

"खरं लिवलं हाये सारं," त्या म्हणाल्या. "पन हे त्याईच्यासाठी हाये, ज्याईचं कोनी गेलं नाई."

याला उत्तर देणारं पत्रक आमच्याकडं छापलेलं नाही.

करुणाताई सकाळी अंगणवाडीत जायच्या, म्हणून आमचं काम दुपारी चालायचं. चैत्र-वैशाखातली आर्वीची दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना भीती रात्रीची वाटते. आमच्याकडं बारा वाजता माणूस रस्त्यावर नसतो, कुत्रं नसतं, सावली नसते. टिन तापून टक् टक् वाजतं, कोणीतरी छपरावर एकेक पाऊल टाकत चालल्यासारखं. विहिरीवर, पारावर याच वेळी 'धरतं' असं म्हणतात. बाबांसोबत मी लहानपणी अशा जागी मुद्दाम बारा वाजता जाऊन बसलो आहे, डबा खाल्ला आहे. मला काही झालं नव्हतं. त्या शेडमध्ये मात्र दुसऱ्या दिवसापासून मी दाराकडं तोंड करून उभा राहू लागलो.

कारण अक्षरं. पिस्टनच्या डब्यावर लिहिलं होतं, 'रिंगांची तोंडं एका रांगेत आणू नको.' मी नेमकं तेच वाक्य त्याच क्षणी उच्चारत होतो. करुणाताईंनी डबा फिरवून ते अक्षर मला दाखवलं. वॉल्व्हच्या डब्यावर, 'हा अडेल. थांब. उद्या बसेल.' तो अडला. दुसऱ्या दिवशी बसला. मी म्हटलं, खोलताना अडला असणार, म्हणून लिहिलं. साधी गोष्ट आहे. एकदा एका अक्षरावर बोट ठेवलं तर बोटाला लाल रंग लागला. पाच महिन्यांपूर्वीचा रंग. एनॅमलचा थर जाड असेल तर अशा उन्हात तो मऊ पडतो. तेही साधंच आहे. मी ते मोठ्यानं सांगितलं, आणि स्वतःचा आवाज मला जरा जास्तच मोठा वाटला.

"कोणासाठी लिवलं असन हे?" करुणाताईंनी एकदा विचारलं.

"स्वतःसाठी. खोलताना माणूस नोंद ठेवतो, बांधताना आठवावं म्हणून."

"स्वतःले 'घाबरू नको' म्हणते का कोणी?"

"मी म्हणतो," मी म्हटलं. खरंच म्हणतो.

मग हेड बसवायचा दिवस आला. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण; त्याचे नट सारख्या ताणानं आवळले नाहीत तर आतला स्फोट बाहेरची वाट शोधतो. माझा उस्ताद ज्या कामाला पाठ करायचा ते हेच. करुणाताई ताण मोजणाऱ्या पान्यानं एकेक नट आवळत होत्या. मी आकडा सांगत होतो. सातव्यापाशी त्या थांबल्या. समोर भिंतीवर, कमरेच्या उंचीला, ओणवं झाल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी लिहिलं होतं: 'सातव्याला हात हलका. मिस्त्री म्हणेल अजून. ऐकू नको.'

त्या माझ्याकडं पाहू लागल्या.

आता मी माझी चूक लिहितो, कारण उस्तादांनी आपल्या लिहिल्या नाहीत. नियम मला पाठ होता: सगळे नट सारखे. पण मी नियमासाठी हट्ट केला नाही. मला राग आला होता. मेलेला माणूस भिंतीवरून मला 'मिस्त्री' म्हणतोय, माझं ऐकू नको सांगतोय, आणि एक जिवंत बाई त्याचं ऐकायला निघाली आहे. मला त्या भिंतीत सूप, लिंबं आणि लाल फडकं दिसलं. मी म्हटलं, "ताई, भिंतीचं ऐकायचं असेल तर मला कशाला बोलावलं? अजून आवळा."

त्यांनी आवळलं. आणि पाना एकदम मऊ झाला.

हा मऊपणा ज्यानं हातात अनुभवला आहे तो विसरत नाही. वाढत चाललेला ताण अचानक नाहीसा होतो. नट फिरतो, फिरत राहतो, कशालाही धरत नाही. आटे गेले होते. सातव्याचे आटे आधीपासूनच कमजोर होते. धनराजला खोलताना ते कळलं होतं, त्यानं लिहून ठेवलं होतं. मिस्त्री काय म्हणेल हेही त्यानं बरोबर ओळखलं होतं. आम्ही सगळे मिस्त्री तेच म्हणतो. त्यानं विद्या लपवली नव्हती, भिंतीवर रंगवून ठेवली होती. आणि पत्रकांवर वाढलेल्या मी ती वाचायला नकार दिला, कारण लिहिणारा मेला होता. बाबांच्या पत्रकांतली निम्मी वाक्यं मेलेल्या माणसांची आहेत, हे मला तेव्हा आठवलं नाही.

पाना खाली ठेवून, हात पुसून करुणाताई ओट्यावर जाऊन बसल्या. आत कमलामाय कोणाला तरी फोनवर सांगत होत्या, "सुटलं म्हने. बांधता बांधताच सुटलं."

सहा दिवस गेले. आर्वीच्या लेथवाल्याला मी दोनदा घेऊन आलो, जुनं भोक मोठं करून नवा बुश, म्हणजे धातूची नळी, बसवला, नवे आटे पाडले. अक्षय तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी हेड आवळून झालं. सातव्याला हात हलका.

सणाच्या दिवशी सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि चिंचेखाली लावून बसला. ओट्यावर नवी घागर पालथी ठेवलेली होती. अंगण सारवलेलं होतं. इंजिन रात्रीतून गाडीत चढवलेलं होतं, चाकं अजून ओंडक्यांजवळच, कार्बोरेटरच्या हवा ओढणाऱ्या दोन्ही तोंडांवर जाळ्या बसवायला वेळ नव्हता, बॉनेट भिंतीला टेकवलेलं. बाराला दहा कमी असताना करुणाताई गाडीत बसल्या.

पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदाही. मी ठिणगीचं टायमिंग केसभर फिरवलं. तिसऱ्यांदा इंजिननं धरलं आणि ते सुरू झालं.

त्या आवाजाबद्दल मी फार लिहिणार नाही, तो माझा नव्हता. करुणाताईंनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले होते आणि त्या समोरच्या टिनाकडं पाहत होत्या. पाणी तापू लागलं तसं मी खूण केली. त्यांनी चावी फिरवली. बंद.

इंजिन बंद झालं नाही.

त्यांनी चावी काढून मला दाखवली. चावी हवेत, आणि इंजिन चाललेलं. आधीसारखं सरळ नाही. अडखळत, आचके देत, थांबतंय म्हणेपर्यंत पुन्हा एक धक्का. मला हे ठाऊक आहे. आत एखादा कण निखाऱ्यासारखा लाल राहतो आणि ठिणगीशिवाय पेट्रोल पेटवतो. पाच-दहा सेकंद चालतं, मग मरतं. मी मोजू लागलो. दहा झाले, वीस झाले. अशा वेळी गिअर टाकून ब्रेक दाबायचा, पण चाकं नव्हती आणि ब्रेकही जोडलेले नव्हते. आत कार्बनचा कण असण्याचं कारण नव्हतं. ते हेड करुणाताईंनी माझ्यासमोर आरशासारखं घासलं होतं. चाळीस. इंजिन खोकत होतं.

"तसाच खोकलत होता," कमलामाय दारातून म्हणाल्या. "तिन्ही दिवस."

पाण्याचा काटा लालमध्ये गेला. नव्या आट्यांचा सातवा नट माझ्या डोळ्यांसमोर होता. याचा श्वास बंद करायला हवा, एवढंच सुचलं. हवा थांबली की जळणं थांबतं. दोन्ही तोंडं दाबायला मला कापड हवं होतं आणि शेडमधली सगळी फडकी पेट्रोलनं भिजलेली होती.

कमलामायनं हात पुढं केला. लाल फडकं.

मी ते घेतलं. दुहेरी करून दोन्ही तोंडांवर दाबलं. ते आत खेचलं जात होतं, हाताखाली कोणी ओढून घ्यावं तसं, आणि एका हातानं निभेना. करुणाताई उतरून धावत आल्या. फडक्याची टोकं त्यांनी मागून आणली, आवळली, गाठ मारली.

इंजिननं एक श्वास घेतला. अर्धा अजून घेतला. थांबलं.

टिन टक् टक् वाजत राहिलं.

"बांधलं," कमलामाय म्हणाल्या.

मी बोलणार होतो. हवा, पेट्रोल, निखारा, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण जे झालं त्याला आमच्या भाषेत दुसरा शब्द नव्हता.

करुणाताईंनी बॉनेट उचललं, लावून बघावं म्हणून. त्याची आतली बाजू तीन आठवडे भिंतीकडं होती. त्यांनी ते उलटं केलं आणि तसंच धरून उभ्या राहिल्या. आतून, लाल ऑइलपेंटनं, दोन ओळी:

'बंद नाही झाली तर तोंड बांध. घाबरू नको.
दमली असशील. पाणी पी.'

'दमला' नव्हे. 'दमली.'

त्या माझ्याकडं पाहत होत्या. कमलामायही. माझं डोकं चाललं, त्याला तेवढंच येतं. मी म्हटलं, "गाडीला लिहिलंय, ताई. गाडी दमते. पाणी रेडिएटरला लागतं."

"असन," करुणाताई म्हणाल्या.

कमलामाय ओट्याकडं गेल्या. पालथी घागर सुलटी केली, विहिरीवर नेली, भरून आणली, आणि मुलाचं नाव घेऊन ठेवली. मग तिच्यातूनच एक तांब्या बुडवून शेडमध्ये आणला. घागरीचं पाणी गेलेल्यासाठी असतं, ते परत काढत नाहीत. त्यांनी काढलं.

रेडिएटर जरा निवल्यावर करुणाताईंनी झाकण फडक्यात धरून उघडलं. अर्धा तांब्या आत ओतला. उरलेला तिथंच उभ्यानं प्यायल्या. भंगारवाल्याला कोणी काही सांगितलं नाही. थोड्या वेळानं टेम्पो सुरू होऊन गेल्याचा आवाज आला.

नंतर मी ते इंजिन दोनदा तपासलं. प्लग, टायमिंग, पेट्रोल, हेड. चावी फिरवली की ते आता निमूट बंद होतं. त्या दिवशी का झालं नाही, हे मला सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे भूत होतं असा अर्थ होत नाही, हे बाबांचं वाक्य मी अजून मानतो.

मला आता दोन प्रकारचे फोन येतात. दुसऱ्या प्रकारचे लोक हळू आवाजात विचारतात, "बांधून देता ना?" मी प्रत्येकाला दवाखान्याचा रस्ता सांगतो आणि फोन ठेवतो. मित्र म्हणतात, पत्रकातला शब्द बदल, 'जोडून देतो' लिही. नवं पत्रक छापायला गेलो तेव्हा मी शब्द तोच ठेवला. खाली एक ओळ वाढवली: 'आधी कोणी काही लिहून ठेवलं असेल, तर ते मला वाचून दाखवा.'